पाचवी आणि पाचवे कारण

मूल जन्मल्यावर पाचव्या किंवा सहाव्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत सटवीची पूजा मांडावी, पूजेशेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवावी, दिवा रात्रभर विझू देऊ नये आणि घरातील बायकांनी आळीपाळीने जागे राहावे, हा आपल्याकडील पुरातन प्रघात आहे. त्या रात्री देवी येऊन बाळाच्या कपाळी जे लिहून जाते ते पुढे कोणालाच पुसता येत नाही, अशी त्यामागील श्रद्धा. आणि जन्मभर पाठ न सोडणाऱ्या गोष्टीला ‘पाचवीला पुजलेली’ म्हणण्याची रीत मराठीत रूढ झाली तीही या रात्रीवरूनच. लहानपणी या सोहळ्यातील लेखणीनेच माझे लक्ष वेधून घेतले होते. दिव्याचा आणि जागरणाचा विचार मनात आला तो फार उशिरा. कपाळावरील लिखित अटळ असेल तर रात्रभर डोळ्यांत तेल घालून बसायचे कशासाठी? ज्या कोणा आजीने हा प्रघात पाडला असेल तिने लेखणी दैवाच्या हाती दिली खरी, परंतु दिव्याची वात स्वतःच्याच हाती ठेवली.

नवजात अर्भकाला होणारा धनुर्वात बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास उद्भवत असे, म्हणजे जागरणाच्या रात्री नेमक्या त्याच दिवसांत पडत. आपल्या पूर्वजांना जंतुशास्त्र अवगत होते असा दावा यावरून करणे अप्रामाणिकपणाचे होईल आणि तसा माझा दावा नाही. त्यांना एवढेच ठाऊक होते की या दिवसांत मुले जातात. नाळ गंजक्या विळ्याने कापली जाई, तिच्यावर राख किंवा शेण लावले जाई, आणि मूल गेले की सटवीने तेवढेच लिहिले होते असे म्हटले जाई. पुढे गरोदर स्त्रीला लस टोचली जाऊ लागली, नाळ स्वच्छ पात्याने कापली जाऊ लागली, आणि २०१५ साली माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. कोणाच्याही कपाळावरचे एक अक्षर पुसावे लागले नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या भाचीला एका जिल्ह्याच्या गावी सातव्या महिन्यातच मुलगी झाली. वजन अकराशे ग्रॅम. मुलीला काचेत ठेवले, नाकातून दुधाची नळी घातली, बेंबीतून सलाईन सुरू केले आणि पहिले सहा दिवस सारे सुरळीत चालले. आठव्या दिवशी तिचे अंग थंड पडू लागले, दूध पचेना, श्वास मध्येच थांबू लागला. आणि अकराव्या दिवशी पहाटे, म्हणजे एरवी बारशाची तयारी ज्या दिवशी करावयाची त्या दिवशी, ती गेली. रक्तात जंतुदोष झाला होता. डॉक्टर भले गृहस्थ होते. ते म्हणाले, “आमच्याकडून होतं ते सगळं केलं. पुढे नशीब.” माझी बहीण भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “सटवीनं तेवढंच लिहिलं होतं तिच्या कपाळी.” दोघांच्या बोलण्याचा अर्थ एकच होता, तरी मला त्या दोन वाक्यांत महदंतर वाटले आणि ते अंतर कशात आहे हे मात्र त्या वेळी सांगता आले नाही.

त्या कक्षाच्या काचेबाहेर मी तीन रात्री काढल्या होत्या. आत अठरा मुले आणि रात्रपाळीला एकटी परिचारिका. काही पेट्यांत दोन-दोन मुले. हात धुण्याच्या भांड्यापाशी साबणाची वडी पाण्यात भिजून लिबलिबीत झालेली आणि हात पुसावयास सर्वांना मिळून एकच पंचा. दुसऱ्या रात्री धीर करून मी तिला म्हणालो, “सिस्टर, एका बाळाला हात लावल्यावर दुसऱ्याला लावण्याआधी धुवायला नको का?” ती रागावली नाही. “धुवायला हवेत, काका,” ती म्हणाली, “पण प्रत्येक वेळी धुवत बसले तर या अठरांतली निम्मी सकाळपर्यंत उपाशी राहतील.” तिचे म्हणणे खोटे नव्हते.

ज्या जिवाने अद्याप एक शब्द उच्चारलेला नाही आणि पापपुण्याचा एक कणही जोडलेला नाही त्याच्या मरणाचे कारण कोठे शोधावे, हा धर्मचिंतनातील अत्यंत अवघड प्रश्न आहे. आपल्या परंपरेने ते पूर्वजन्मीच्या कर्मात शोधले. पश्चिमेकडे ऑगस्टिनने आदिपापाचा सिद्धांत मांडताना तान्ह्या अर्भकांनाही त्यातून वगळले नाही. दोन्ही उत्तरे कारणाचा शोध घेण्यासाठी जन्माच्या मागे जातात. वैद्यकही जन्माच्या मागे जाते, परंतु तेथे त्याला दुसरेच काही सापडते, आणि जे सापडते त्याला ते जोखमीची कारणे असे साधे नाव देते. ही जोखीम म्हणजे दैवाचाच नवा अवतार, फक्त आकड्यांच्या भाषेत सांगितलेला, असे अनेक सुशिक्षितांना वाटते. मला ते मत सर्वस्वी चुकीचे वाटते, आणि ते चुकीचे का, हे पाहण्यासाठी मला गीतेच्या अठराव्या अध्यायाचाच आधार घ्यावासा वाटतो.

त्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता, असा अर्थ शंकराचार्यांनी केला. रामानुजांनी अंतर्यामी परमात्मा असा केला. सामान्य मनुष्य त्याचा अर्थ माणसाच्या हातात नसलेले असा करतो आणि मीही येथे तोच घेतो. अर्थ कोणताही घेतला तरी त्याचा क्रमांक बदलत नाही. दैव आहे हे गीता नाकारत नाही. परंतु त्याची गणना ती शेवटी करते, आणि ज्याने आधीची चार कारणे तपासलीच नाहीत त्याला पाचव्याचे नाव घेण्याचा अधिकार कोठून प्राप्त झाला, हा प्रश्न त्या क्रमातूनच उत्पन्न होतो.

अधिष्ठान म्हणजे देह. गर्भाचे शेवटचे तीन महिने, त्यातही अखेरचे काही आठवडे, आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून गर्भात उतरण्याचा काळ असतो. आईने आयुष्यात ज्या ज्या रोगांशी सामना केला त्यांची ओळख अशा रीतीने मुलाच्या पदरात पडते, आणि दिवस भरून जन्मलेल्या अर्भकाच्या रक्तात तर हे द्रव्य कित्येकदा आईहूनही अधिक आढळते. ‘संचित’ या शब्दाचा याहून शब्दशः खरा अर्थ मला माहीत नाही. मूल जन्माला येताना पूर्वार्जित घेऊन येते हे खरेच आहे. ते पूर्वार्जित त्याच्या आईचे असते. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल ही ठेव पदरात पडण्यापूर्वीच घर सोडून निघालेले असते. त्याची त्वचा इतकी पातळ असते की तिला भिंत न म्हणता पडदाच म्हणावे. रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींचा साठाही तुटपुंजा असतो. अमेरिकेतील अनेक मोठ्या इस्पितळांतील पंधराशे ग्रॅमहून कमी वजनाच्या अर्भकांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तीत पहिले तीन दिवस पार केलेल्या मुलांपैकी शंभरात एकवीस मुलांच्या रक्तात पुढे जंतुदोष आढळला होता, आणि वजन जितके कमी व दिवस जितके अपुरे तितके हे प्रमाण वाढत जात होते. सर्व सुखसोयी अनुकूल असतानाची ही गोष्ट.

पाणमोट फुटून अठरा तास उलटून जाणे, प्रसूतीच्या वेळी आईला ताप असणे, गर्भजलाला दुर्गंधी येणे, ही कारणेही याच कोटीतली. परंतु येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. कारण सांगणे निराळे आणि दोष देणे निराळे. आणि आपल्या घराघरांतून या दोहोंची गल्लत करून त्याचा सारा भार बाळंतिणीच्या माथी मारण्याची जी क्रूर सवय आहे, तिला वैद्यकाच्या भाषेचा आधार मिळता कामा नये. पाणमोट लवकर फुटणे हे स्त्रीने केलेले कर्म नव्हे.

करण म्हणजे साधने, आणि या ठिकाणी विषय खरोखर गहन होतो. श्वासयंत्राची नळी, बेंबीतून अगर हाताच्या शिरेतून हृदयाजवळ नेलेली बारीक नळी, शिरेवाटे दिले जाणारे पोषण, यांच्यावाचून ते अकराशे ग्रॅमचे मूल दोन दिवसही जगले नसते. आणि जंतूला आत शिरण्यास वाट मिळते तीही याच नळ्यांच्या कडेने. नळी जितके दिवस राहील तितकी जोखीम वाढते, म्हणून ती आज काढता येईल का, हा प्रश्न रोज सकाळी प्रत्येक पेटीपाशी उभे राहून विचारावा लागतो. प्रतिजैविकांचेही असेच. रक्तात जंतू असल्याचा पुरावा नसताना केवळ भयापोटी अपुऱ्या दिवसांच्या मुलांना ही औषधे दिवसेंदिवस देत राहिल्यास पुढे जंतुदोष, आतड्याचा घातक दाह आणि मृत्यू यांचे प्रमाण अधिक आढळते, असे अनेक पाहण्यांतून दिसून आले आहे. कारण औषधाने निरुपद्रवी जंतू मरतात आणि मोकळी झालेली जागा चिवट जंतू बळकावतात. तारणाऱ्या वस्तूतच मारण्याचे सामर्थ्य असते हे आपल्या पुराणांना नवीन नाही, परंतु पुराणातील नायकाला एका निर्णायक प्रसंगी ओळखावी लागणारी ही गोष्ट या कक्षातील परिचारिकेला दर दोन तासांनी ओळखावी लागते.

चेष्टा म्हणजे हालचाल, हाताची क्रिया. आणि तिच्यासंबंधी व्हिएन्नाच्या सार्वजनिक इस्पितळाची हकीकत सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तेथे एकाच इमारतीत दोन प्रसूतिकक्ष होते. पहिल्यात डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या कक्षात शंभरात अकराहून अधिक बाळंतिणी ज्वराने दगावल्या, दुसऱ्यात तीनहून कमी. शहरातील गरीब स्त्रियांना हे ठाऊक होते. पहिल्या कक्षात नेऊ नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवीत. विद्वान मंडळींचे मत असे की या ज्वराचे कारण वातावरणात, भूमीत आणि ग्रहगोलांच्या प्रभावात आहे. दैव हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, परंतु हे दैवच होते, लॅटिन पोशाखातले. तेथील तरुण सहायक इग्नाझ सेमेलवाइस याने विचारलेला प्रश्न तत्त्वज्ञानाच्या कोणत्याही ग्रंथात शोभण्यासारखा आहे: आकाशाचा प्रभाव असेल तर तो एका छपराखालच्या दोन दालनांत भेद कसा करतो? मरणासन्न स्त्रियांना अंतिम संस्कार देण्यासाठी जाणारा धर्मगुरू पहिल्या कक्षातून घंटा वाजवीत जात असे, त्या नादाच्या भयाने ज्वर येत असेल, असाही तर्क होता. सेमेलवाइसने ती घंटा बंद करविली आणि मृत्यू घटले नाहीत. मग मार्च १८४७ मध्ये त्याचा स्नेही, शवचिकित्सेचा अध्यापक कोलेत्श्का, विच्छेदन करताना बोटाला सुरी लागून मरण पावला, आणि त्याच्या देहात तीच लक्षणे आढळली जी बाळंतिणींत व त्यांच्या नवजात अर्भकांतही आढळत. विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येत. मरण त्यांच्या हातांवरून येत होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात क्लोरिनच्या द्रावणाने हात धुण्याचा हुकूम निघाला. एप्रिलमध्ये शंभरात अठरा असलेले मृत्यू जूनमध्ये दोनवर आले.

या कथेतील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आकड्यांचा नाही. आपणही शवविच्छेदन करीत होतो, म्हणून आपल्याच हातून किती स्त्रिया अकाली गेल्या ते ईश्वरालाच माहीत, अशा अर्थाची कबुली त्या माणसाने १८६१ साली आपल्या ग्रंथात दिली. ईश्वराचे नाव त्यानेही घेतले. परंतु चारही कारणे स्वतःच्या हातापर्यंत तपासून झाल्यानंतर घेतले. त्याच्या समकालीनांपैकी बहुतेकांना ही कबुली असह्य झाली, कारण भल्या माणसाच्या स्वच्छ हेतूने भरलेल्या हातावरूनही मृत्यू येऊ शकतो, ही गोष्ट नीतिशास्त्राच्या सर्व सोयीस्कर कल्पनांना धक्का देणारी आहे. हेतू शुद्ध असला म्हणजे कर्म शुद्ध झाले असे आपण मानतो. जंतू हेतू पाहत नाही.

आणि ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. दिल्लीच्या तीन मोठ्या इस्पितळांत जन्मलेल्या आणि तेथेच अतिदक्षता कक्षात दाखल झालेल्या १३ हजारांहून अधिक अर्भकांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. शंभरात चौदा मुलांना जंतुदोष झाला होता, तोही बहुतांश पहिल्या तीन दिवसांतच. जे जंतू पहिल्या तीन दिवसांत आढळले तेच नंतरही आढळले: ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला, इ. कोलाय, आणि त्यांतील पुष्कळ जंतू एकाहून अधिक औषधांना दाद न देणारे होते. पहिल्या तीन दिवसांतील जंतुदोष आईकडून येतो असे पाठ्यपुस्तके सांगतात. परंतु जंतू इस्पितळातलेच असतील तर संशयाची सुई आईवरून ढळते आणि प्रसूतिगृहातील टेबलावर, चोषणनळीवर, हातांवर येऊन थांबते. ज्याला आपण जन्मजात म्हणत होतो ते जन्माच्या जागेवरून आलेले असू शकते.

उरला कर्ता. अठरा मुलांची ती परिचारिका कर्ता होती काय? गीता त्याच ठिकाणी पुढे म्हणते की पाच कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला यथार्थ दिसत नाही, आणि हा न्याय दोन्ही बाजूंनी लागू केला पाहिजे. त्या मुलीच्या मरणाचा सगळा दोष त्या बाईवर लादणे हे तितकेच आंधळेपणाचे ठरेल. मंजूर झालेली पदे रिक्त ठेवणारे दप्तर, पेट्यांची संख्या न वाढवता दाखल मुलांची संख्या वाढू देणारी व्यवस्था, साबणाच्या वडीऐवजी पंप आणि एका पंचाऐवजी कागदी रुमाल यांची मागणी दोन-दोन महिने टेबलावर ठेवणारा अंमलदार, हेही त्या कक्षात अदृश्य रूपाने हात न धुता वावरत होते. कर्त्याचे हात नेहमी कक्षातच असतात असे नाही.

ज्यांनी ही साखळी तोडली त्यांनी दैवाशी झगडा केला असे मला वाटत नाही. त्यांनी आईला परत बोलावले. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ साली डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी, पेट्यांतील गर्दीने आणि जंतुदोषाने मुले दगावत असलेली पाहून, लहानग्यांना आईच्या उघड्या छातीशी बांधण्यास प्रारंभ केला. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी स्थापन केली, आशियातील पहिली. धारावीच्या कडेला असलेल्या त्या सार्वजनिक इस्पितळात एका गरीब आईचे दूध दुसऱ्या गरीब आईच्या अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे कवच झाले. वारेतून मिळावयाचे राहिलेले संचित काही अंशी दुधातून मिळते. आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्यात दिल्लीचे एक इस्पितळही सामील होते, जन्मल्याबरोबर आईला मुलासह त्याच कक्षात ठेवून छातीशी धरू दिले असता मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटले. बाहेरून घाण आणणारी म्हणून जिला आपण काचेपलीकडे उभी केली होती, तिच्या त्वचेवरील जंतू इस्पितळातील जंतूंपेक्षा कितीतरी सौम्य आहेत.

मग पाचवे कारण राहते की नाही? राहते. सर्व हात धुतलेले, नळी वेळेवर काढलेली, दूध आईचे, आणि तरीही एखादे मूल जाते. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेशाने आत्रेयांना विचारले आहे की आयुष्य नियत असते की नाही, आणि आत्रेयांनी गाडीच्या आसाचा दृष्टांत दिला आहे: चांगला आस आपल्या शक्तीप्रमाणे झिजून यथाकाल मोडतो, पण अतिभाराने, वाईट रस्त्याने, वंगण न मिळाल्याने तो मध्येच मोडतो, दोन्ही मोडणी एकसारखी मानणाऱ्याला औषधाचे प्रयोजनच उरणार नाही. यथाकाल मोडलेल्या आसापुढे हात जोडावेत. वंगण न घातलेल्या आसाला दैव म्हणू नये.

आता मला त्या दोन वाक्यांतील अंतर सांगता येते. माझी बहीण सटवीचे नाव घेत होती ते आपल्या लेकीला, त्या बाळंतिणीला, ‘माझेच काही चुकले’ या आयुष्यभराच्या छळातून सोडविण्यासाठी. त्या शब्दाने ती दोष पुसत होती, आणि त्या घरात दोष नव्हताच. डॉक्टरांनी नशिबाचे नाव घेतले तेव्हा मात्र तपासणीची वही मिटली गेली. तिच्या तोंडी तो शब्द दयेचा होता, त्यांच्या तोंडी तो शब्द येण्याची वेळ अजून झालेली नव्हती.

वाचकांपैकी कोणाच्या घरचे मूल उद्या काचेत ठेवले गेले, तर कक्षात पाऊल टाकण्यापूर्वी अंगठी, घड्याळ आणि बांगड्या उतरवून कोपरापर्यंत हात धुवावेत, बाळाच्या आईचे थेंबभर दूध मिळत असले तरी ते वाया जाऊ देऊ नये, तिला मुलाजवळ बसू द्या म्हणून आग्रह धरावा, आणि नळी आज काढता येईल का हे डॉक्टरांना रोज विचारावे. विचारताना संकोच करू नये. रात्रपाळीला किती मुलांमागे किती परिचारिका आहेत हेही विचारावे, आणि उत्तर ‘एक’ असे आले तर ते लिहून घेऊन, तारीख घालून, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दप्तरी अर्ज रुजू करावा.